दोनशे बारावं वाक्य

ता. ४ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टाके काढून झाले आणि परवा मी चिमणीकडे आले. लेकीच्या घरी आता दोन महिने तरी मुक्काम. फोनऐवजी पत्र का, असं विचारू नकोस. घशातली गाठ काढताना आवाजाची पेटीच गेली, आता फोन कानाला लावून मी काय करू? आणि तू तर पेटी शाबूत असूनही फोनवर पहिल्याच अक्षराला अडून बसतोस. पत्रात मात्र तुझी गाडी कशी सुसाट जाते. तेव्हा बहीणभावांनी आता लिहीतच राहावं.

श्वास गळ्याच्या भोकातून चालतो, त्यावर जाळीचा रुमाल. बोलायला पाटी आहे. चहात साखर जास्त झाली हे सांगायला पाटी आणि खडू शोधेपर्यंत चहाच संपतो. तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून नंबर पुकारले, तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचे. आता घरातल्या घरात टाळ्या वाजवून माणसं बोलावते.

म्हणून ते रेकॉर्डिंग पाठव. चिमणीने धाडलेल्या त्या साबणाच्या डबीएवढ्या यंत्राला माइक लावून, ती डबी कॉम्प्युटरला जोडून, ऑपरेशनच्या आधी चार दिवस तुझ्या खोलीत मी तीनशे वाक्यं वाचली. त्यांवरून प्रोग्राम माझा आवाज तयार करणार, आणि मी टॅबवर टाइप करीन ते माझ्याच आवाजात ऐकू येणार. एवढी एकच गोष्ट मनाशी धरून मी ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाले होते. मी वाचत असताना तू कानांवर हेडफोन चढवून, माझ्याकडे पाठ करून असा काही बसायचास, की वाटावं विमानच चालवतोयस.

माझा लोभ तुझ्यावर जन्मापासून आहे, त्याची काळजी नको. फाइलींची आहे.
तुझी,
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षर पाहून जिवात जीव आला. दुकानात सध्या पंख्यांची रीघ आहे. उन्हाळा तोंडावर आला की लोकांना आपला पंखा आठवतो. काल एकाने मिक्सर आणला, आत चमचा अडकलेला. त्याने तो दोन वर्षं शोधला होता म्हणे.

फाइलींचं म्हणशील तर त्या फार मोठ्या आहेत आणि इथलं इंटरनेट मंद आहे. शिवाय थोडी साफसफाई करून पाठवाव्यात असं मनात आहे. तू घाई करू नकोस, आधी तब्येत. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी घशाला ताण देऊ नका, असंच सांगितलं होतं ना? मला तसं पक्कं आठवतंय. तूही आठवून बघ.

मायेने दोन ओळी लिहीत जा.
तुझा,
घुम्या

ता. २४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

आई रोज सकाळी टॅब पुसून टेबलावर ठेवते आणि संध्याकाळी उचलून कपाटात ठेवते. मी मधल्या काळापुरता त्यात एक तयार आवाज घालून पाहिला. गोड, बातम्या सांगणाऱ्या बाईचा. आईने एक वाक्य ऐकलं आणि पाटीवर लिहिलं की ही कोण भवानी, हिला घरातून घालव. हसले मी, पण ती हसत नव्हती.

मामा, एक विचारते, रागावू नकोस. मी लिहून दिलेल्या कागदावर सहावी पायरी होती. रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये माइक म्हणून डबी निवडायची, नाहीतर कॉम्प्युटर स्वतःच्याच माइकवर ऐकत बसतो. ती केली होतीस ना? केलीच असशील, यंत्रं तुला कोणी शिकवायची. पण तुझ्या पत्रातली ती साफसफाई वाचल्यापासून मला चैन नाही. आईपाशी मी यातलं काही बोललेले नाही.

उत्तर मात्र लवकर दे, एरवीसारखं मूग गिळून बसू नकोस.
तुझी लाडकी आणि सध्या काळजीतली,
चिमणी

ता. १ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फाइली मोठ्या नाहीत आणि इथलं इंटरनेटही मंद नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझा आवाज रेकॉर्ड झालेला नाही.

कसं झालं ते सांगतो. त्या डबीवर एक बटण आहे. ते दाबलं की माइकमधला आवाज कॉम्प्युटरची वाट न बघता थेट हेडफोनमध्ये येतो. मी ते दाबलं आणि तू कानात इतकी स्वच्छ आलीस की पान उलटताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. डबीचा दिवा हिरवा होता. मला वाटलं, झालं काम. कागदाच्या पाच पायऱ्या झाल्या होत्या. सहावी न वाचताच मी कागदाची घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. दिवसाला दहा यंत्रं उघडणाऱ्या माणसाला भाचीने काय शिकवायचं, हाच माज.

डबीतून कॉम्प्युटरने काहीच घेतलं नाही. त्याने स्वतःच्या माइकवर जे जवळ होतं ते ऐकलं. जवळ मी होतो. चार दिवसांच्या फाइलींत त्याचा पंखा आहे, माझी खुर्ची करकरते, मी जांभया देतो, एकदा तर पुटपुटतो की अजून एकशे वीस राहिली, देवा. आणि लांब, खोलीच्या त्या टोकाला, आवाज घुमू नये म्हणून मी टांगलेल्या रजयांच्या आड, शेजारच्या घरातून यावीस तशी तू. पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या पदरी शेवटी पंख्याचा आवाज आला. महिनाभर मी तो पुसत बसलो. पंखा पुसला की तूही पुसली जातेस.

पण ताई, खरं पाप हे नाही. हे मला शनिवारी संध्याकाळीच कळलं होतं. तुझं वाचून झालं, तू आडवी झालीस आणि मी हेडफोन काढून पहिली फाइल लावली. ऑपरेशन सोमवारी होतं. मधे अख्खा रविवार होता.

रविवारी सकाळी तू विचारलंस की नीट आलंय ना सगळं. मी सांगायला तोंड उघडलं आणि पहिल्या अक्षरालाच अडकलो. तू नेहमीसारखं माझं वाक्य पुरं केलंस, की छान आलंय म्हणतोस ना. मी मान हलवली. मग तू दिवसभर खिडकीशी बसून बोलत होतीस आणि मी समोर बसून ऐकत होतो. मनाला सांगत होतो की तिचा घसा दुखतोय, तिला का त्रास द्यायचा. ते खरं नव्हतं. मला तुझ्यासमोर मूर्ख ठरायचं नव्हतं, एवढंच खरं आहे.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
तुझा अपराधी,
घुम्या

ता. ९ मार्च

घुम्यास,
आशीर्वाद. ते द्यायचेच असतात म्हणून.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पाटी फोडली. चिमणीने नवी आणली.

यंत्राचं सोड. चुका माणसाकडूनच होतात, आणि अर्धवट कागद वाचायची खोड तुला शाळेपासून आहे. पण तो रविवार माझा होता, घुम्या. घसाही माझा होता. रक्त आलं असतं तरी मी तीनशेच्या तीनशे पुन्हा वाचली असती. वाचायची की नाही, हे मी ठरवायचं होतं. त्याऐवजी मी दिवसभर काय बोलले, तर शेजारणीच्या मांजरीबद्दल. आयुष्यातला बोलायचा शेवटचा दिवस तिच्यावर खर्च झाला. तुला वाईट वाटू नये म्हणून मी काही लिहिणार नाही. वाईट वाटलंच पाहिजे.

तुझं वाक्य मी पुरं केलं, एवढा वाटा माझा. पन्नास वर्षांची सवय. वर्गात बाईंपुढे, दुकानदारापुढे, बाबांपुढे, तू अडलास की मी बोलायचे. तुला काय म्हणायचंय ते मला कळतं अशी माझी खात्री होती. त्या दिवशी मला कळलं नाही, आणि ते मलाच खातंय.

आता ऐक. चिमणी स्वतःचा आवाज द्यायला निघाली होती. मी नको म्हटलं, तिचा तिला राहू दे. माझ्यासाठी तू वाचायचं. सगळी तीनशे. जन्मभर तुझ्या वतीने मी बोलले, आता माझ्या वतीने तू बोल. बाईमाणसासारखं वाचायचं, मी दमले, मी येते असं. दमलो, येतो नको. माझ्या तोंडी पुरुषी आवाज ऐकून लोक हसतील, तर हसू देत. अडलास तर थांब आणि पुन्हा वाच. पुढचा शब्द पुरवायला मी तिथे नसेन. सहावी पायरी आधी.

प्रोग्राम आवाज तयार करतोच, शिवाय ती वाक्यं तू वाचशील तशीच टॅबवर राहतात, बोट ठेवलं की वाजतात. यादीत दोनशे बारावं वाक्य आहे, मी तुला माफ केलं. ते गाळू नकोस. स्वच्छ वाच. ते कधी वाजवायचं ते मी बघीन.

ताई

ता. २८ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद टेबलाच्या पायाखालून काढला. टेबल पुन्हा डगमगतंय. सहावी पायरी केली, एक वाक्य रेकॉर्ड केलं, हेडफोन काढून पुन्हा ऐकलं, मग पुढे गेलो. दुकान दुपारी बंद ठेवून अकरा दिवस वाचत होतो. मी दमले हे वाक्य वाचताना रस्त्यावरून जाणारं एक गिऱ्हाईक खिडकीत थांबलं आणि माझी तब्येत विचारून गेलं.

रोज अडलो. अडलो की सवयीने रजयांकडे बघायचो. तिथून कोणी शब्द पुरवत नव्हतं. मग बसून राहायचो, आणि बऱ्याच वेळाने वाक्य आपणहून पुरं व्हायचं. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

दोनशे बारावं सव्वीस वेळा वाचलं. स्वतःलाच माफ केल्यासारखं वाटायचं आणि मी रेकॉर्डिंग थांबवायचो. शेवटी हे बोलणं तुझं आहे आणि मी नुसता माइकपुढे बसलोय, असं मानलं, तेव्हा आलं. मधे जरा अडखळलोय. चिमणी ते बदलून मागेल, तिला नको म्हण.

सगळ्या फाइली काल तिला पोचल्या. रविवारी मी येतोय. त्या रविवारी अडकलं ते तुझ्यासमोर बसून तोंडाने सांगायचंय. वेळ लागेल. टॅब हाताशी असू दे, पण माझं सांगून पुरं होईपर्यंत कुठल्याच वाक्यावर बोट ठेवू नकोस.

लोभ मागत नाही. रविवारी दार उघड, तेवढं पुरे.
तुझा,
घुम्या