भीम या शब्दाचा अर्थ

३ मे
पत्रिकेत माझं नाव छापलंय! संयुक्त जयंती — भाषण: 'भीम या शब्दाचा अर्थ'. मला कुणी विचारलंही नाही. बाबा आमच्या गावशाखेचे चिटणीस, त्यांनीच घातलं. म्हणे, "फ्लेक्सच्या दुकानात बसून लोकांच्या चुका काढतोस ना? मग बोल की चार शब्द."
बारावी सोडलेला मी. काय बोलणार?

५ मे
हातखंब्याला दुकानातून सुटलो तो थेट रत्नागिरीला, वाचनालयात. शब्दकोश उघडला. भीम — भयंकर, ज्याला भ्यावे असा. मूळ धातू 'भी'. भय, भीती, भीषण, सगळे त्यातलेच. भित्रासुद्धा!
पुन्हा पुन्हा वाचलं. रोज 'जय भीम' म्हणतो आणि हे माहीत नव्हतं.
येताना एस्टीत विचार आला. ज्यांनी सगळ्यांना भिऊन राहायचं असा दंडक होता, त्यांच्या घरात पोराचं नाव ठेवलं — ज्याला इतरांनी भ्यावं असा. ठेवणाऱ्यांच्या मनात हे होतं का, कोण जाणे. पण अंगावर काटा आला. हे सांगायलाच हवं.

६ मे
आम्रपालीला सांगितलं. "दादा, हे तू बोलणार? तू तर कोंबड्याला घाबरतोस!" खूप हसली. मग म्हणाली, "परत सांग."
बाबांनाही सांगितलं. नुसतं "हं."

७ मे
प्रमोदकाकांचा फोन. आमची गावशाखा ज्यांच्या हाताखाली, त्या मुंबई कमिटीचे अध्यक्ष. बाबांकडून त्यांना कळलं. "बाळा, भयंकर हा शब्द नको. लोक भाषण ऐकत नाहीत, मोबाईलवर तुकडा ऐकतात. बलवान म्हण आणि मोकळा हो. बोंब झाली तर तुझ्या बाबांचं, रामजीदादाचं, पद जाईल. मला वाचवता यायचं नाही."
वाईट माणूस नाही. तेच तर अवघड!
माझ्या जन्माआधीपासून बाबा चिटणीस आहेत. दुसरं आहे काय त्यांना?
विचारलं त्यांना. विहारातल्या खुर्च्या पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझं तू ठरव." रागावलेत.

९ मे
दोन्ही भाषणं लिहून ठेवली. शुद्धलेखनाची एक चूक नाही. काय उपयोग!

१० मे
बलवान म्हणालो.
टाळ्या पडल्या. काकांनी पाठ थोपटली. बाबा खाली माणसांत बसले होते, अगदी पुढे. त्यांनी टाळी वाजवली नाही. मी त्यांचं पद वाचवलं, हे त्यांना कसं सांगू?

११ मे
आईने आज सांगितलं. बाबांनी भाषणाच्या आदल्या दिवशीच राजीनामा दिलान. "तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस, म्हणून गप्प राहिले."
काकांना म्हणाले होते, "आता माझ्या पोराला भ्यायचं काय कारण उरलं नाय."