बावीस, पंचवीस, अठ्ठावीस

४ जून

चि. भिंगरीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल शाळेच्या पत्त्यावर मिळालं. दुखण्यातून उठून रविवारी बाबा पलंगापासून चार पावलं चालले हे वाचून जीव भांड्यात पडला. जन्मभर शिलाई मशीन चालवलेले पाय आहेत ते, इतक्यात थकायचे नाहीत. एकदा येऊन जा असं तू लिहिलं आहेस. मन तिथेच आहे गं, पण नववीची नवी तुकडी नुकतीच हातात आली आहे. आत्ता सोडून निघालो तर वर्षभर डोक्यावर बसतील.

आता तुझं. धुलाईखान्यात मुकादम व्हायचं म्हणून या वयात दहावीला बसतेस, याचं मला फार कौतुक आहे. गणितातली तुझी कीर्ती मी विसरलेलो नाही. वहीत फुलं काढायचीस. तरी घाबरू नकोस. रेषीय फलन हा काही राक्षस नाही. एक गोष्ट सांगितली की दुसरी ठरते, आणि पहिली एकेकाने वाढली की दुसरी दरवेळी सारखीच वाढते, एवढंच. आपण ते बाबांवरच शिकू. दर रविवारी सकाळी त्यांना चालव, थांबतील तिथे फरशीवर खडूने खूण कर आणि आकडा लिहून ठेव. आठवडा म्हणजे क्ष, पावलं म्हणजे य. सुरुवात चारापासून. पलंगापासून फाटकापर्यंत त्यांची पावलं किती होतील तेही मोजून कळव. पुस्तकातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा हे बरं.

बाबांना नमस्कार. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.

तुझा,
दादा


७ जुलै

ती. दादास, सा. न. वि. वि.

पाच रविवारांचे आकडे लिहिते. सात, अकरा, बारा, सतरा, अठरा. फाटक चाळीस पावलांवर आहे. बाबांसारखी बारकी पावलं टाकत मी स्वतः मोजलं, तेव्हा शेजारीण कुंपणावरून विचारत होती की काय हरवलंय. आमचा व्हरांडा आता खडूच्या खुणांनी भरलाय. बाबा फरशी पुसू देत नाहीत. खुणांकडे बघत बसतात आणि आलेल्यागेलेल्याला दाखवतात.

तू सांगितलंस तसे कागदावर ठिपके मांडले. पण ते एका रेषेत येतच नाहीत. एक वर जातो, एक खाली राहतो. मग रेषा काढायची तरी कशाला, हे मला कळलं नाही. चुकत असेन तर रागावू नकोस. धुलाईखान्यातून आल्यावर हात सोड्याने इतके चुरचुरतात की पेन्सिल नीट धरवत नाही.

दुसरं असं की बाबा रोज तुझं विचारतात. फाटकाची कडी वाजली की मान वळवतात. डॉक्टर बरं आहे म्हणतात, पण मला बरं वाटत नाही. का ते सांगता येणार नाही. दोन दिवसांसाठी येऊन जाशील का? जागा करून ठेवते.

बाबांचे आशीर्वाद. आठवण ठेवतोस तशी ठेव.

तुझी,
भिंगरी


१२ जुलै

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

शाबास! तू विचारलेला प्रश्न माझ्या तुकडीतल्या एकालाही सुचलेला नाही. चालत्याबोलत्या माणसाचे आकडे रेषेवर कधीच नीट बसत नाहीत. एखाद्या दिवशी झोप झालेली नसते, एखाद्या दिवशी चप्पल टोचते. रेषा त्यांच्या मधून जाते आणि एकंदर कल दाखवते. उलट, ज्याचे सगळे आकडे तंतोतंत रेषेवर पडतात, त्याने ते मोजलेले नसतात. टेबलाशी बसून बनवलेले असतात. प्रयोगवहीत अशी चोरी मी लांबून ओळखतो.

तुझ्या आकड्यांमधून मी रेषा काढली आहे. य बरोबर तीन क्ष अधिक चार. चार ही सुरुवात. तीन हा रेषेचा चढ, म्हणजे दर आठवड्याची वाढ. आता य चाळीस धर. क्ष किती येतो? बारा. बारावा रविवार म्हणजे चोवीस ऑगस्ट. त्या दिवशी बाबा फाटकापर्यंत पोचतात! मी तेव्हाचीच रजा टाकली आहे. आधी येऊन उगाच रजा मोडण्यात अर्थ नाही. बाबांना सांग, आता फाटकाशीच भेटू.

रविवार चुकवू नकोस. आहे तो लोभ वाढो.

तुझा,
दादा


२८ जुलै

ती. दादास, सा. न.

तीन रविवारांचे आकडे. बावीस, पंचवीस, अठ्ठावीस.

परीक्षेचा फॉर्म भरला. बाबांचे आशीर्वाद आहेत. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं. आकडे नीट बघ.

भिंगरी


४ ऑगस्ट

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पत्र इतकं तोकडं का? अभ्यासाला लागली असशील, म्हणून माफ. पण आकडे! मी ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवले. मोठ्या कागदावर आलेख काढून वर्गाच्या भिंतीवर लावला, वर लिहिलं, माझ्या वडिलांची रेषा.

एक गंमत झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी, कधी तोंड उघडत नाही, ती उभी राहून म्हणाली की सर, पहिले पाच आकडे मोजलेले आहेत आणि पुढचे तीन मांडलेले आहेत. वर विचारते, ते आजोबा बरे आहेत ना? वर्ग हसला. आगाऊपणा करू नकोस म्हणत मी तिला खाली बसवलं. तिला काय माहीत आपले बाबा कसे जिद्दी आहेत ते! काल एकतीस झाली असणार. तू कळवू नकोस, मला माहीत आहे.

वीस दिवस राहिले. फाटकाला तेल घालून ठेव. बाकी गोडी आहेच.

तुझा,
दादा


९ ऑगस्ट

दादा,

आज दुपारी बाबा गेले. तार केली आहे. तार मिळाली की तू निघशील, आणि हे पत्र तू परतल्यावर तुझ्या टेबलावर सापडेल. इथे चार माणसांत मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

दहा जुलैला, गुरुवारी, बाबा व्हरांड्यात पडले. त्यानंतर ते पलंगावरून उठलेच नाहीत. पाच दिवसांनी तुझं फाटकाशी भेटू असं पत्र आलं. तेरा तारखेचा रविवार तर आडवं पडूनच गेला होता. बाबांनी विचारलं, त्याच्या रेषेप्रमाणे परवा किती झाली असती? मी सांगितलं, बावीस. म्हणाले, मग बावीसच लिही, मी पडलो हे कळवणार नाहीस असा शब्द दे, त्याची रजा मोडेल. तो आकडा बाबांचा आहे.

पंचवीस आणि अठ्ठावीस माझे. त्यांच्या उशाशी बसून तुझ्याच सूत्रात सात आणि आठ घालून काढले. खुशाल चूक म्हण. एखादा आकडा एक-दोनने कमीजास्त लिहिता आला असता. मी मुद्दाम तंतोतंत लिहिले. तूच सांगितलं होतंस की अशी चोरी तू लांबून ओळखतोस. वाटलं, बघशील, दचकशील, आणि मिळेल त्या गाडीने निघशील. बाबांना दिलेला शब्दही मोडणार नव्हता. सरळ ये असं मी दोनदा लिहून पाहिलं होतं. दोन्ही वेळा तू मला गणित शिकवलंस.

तेव्हाच तार करायला हवी होती. ती चूक माझी आहे, ती मी तुझ्या गळ्यात बांधत नाही. ती मला जन्मभर पुरेल.

परवा तुझं पत्र आलं. बाबांना मी ते वाचून दाखवलं नाही. त्यांची वाचा गेली होती, पण कडी वाजली की मान वळायची. परवा ती पोस्टमनने वाजवली होती.

तू आलास की व्हरांड्यात नीट बघून पाय टाक म्हणून सांगणार होते, पण तोवर माणसांच्या येण्याजाण्यात खुणा पुसल्या जातील. शेवटची अठरावर आहे, खांबाच्या अलीकडे. तिच्यापुढे फरशी कोरी आहे.

रेषीय फलन मला आता पक्कं समजलंय. परीक्षेला येऊ दे, चुकणार नाही.

भिंतीवरचा कागद काढलास तर काढ. पण त्या मुलीला आधी उभी कर. सगळ्या वर्गासमोर तिला सांग की तिचं बरोबर होतं. तिने कधी न पाहिलेल्या माणसाची चौकशी केली होती.

तुझी बहीण