तीनशे बारा झाडे आणि एक खाडाखोड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी आज सकाळी दिला असून तो सोबत जोडला आहे. देताना ते हसले, याची नोंद घ्यावी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट यातली निम्मी कलमे लिहू नका म्हणून माझी धाकटी बहीण आणि माझ्या वकीलबाई यांनी माझ्या नाकी नऊ आणले आहेत. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. यापूर्वी केलेली सहाही मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करते.

आता दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. चार वाजता एक गृहस्थ येणार आहेत, किंवा येणार नाहीत. मी बोलावल्याचे पत्र टाकून बारा दिवस झाले, त्यांचे उत्तर नाही. ते आले तर कलम ४ मला त्यांच्या तोंडावर वाचून दाखवायचे आहे. नाही आले तर ते माझ्या पश्चात कोणीतरी वाचेल, आणि मला ते नको आहे.

कलम १. बँकेतल्या सर्व ठेवी धाकटीला. किती आहेत ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ज्युनिपर या डोंगरातल्या सदाहरित झाडाच्या लाकडाची मोठी पेटीही तिलाच. तिच्यात आमच्या आईच्या शाली आहेत आणि चाळीस वर्षांत त्यांना कसर लागलेली नाही. या लाकडातल्या तेलाला कीड घाबरते, हे सिद्ध करण्यात मी माझी उमेदीची तीन वर्षे घातली. आईला ते आधीपासून माहीत होते. धाकटीने पेटीत डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. टाकल्यास पेटी भाच्याकडे जाईल.

(धाकटी समोरच बसली आहे. "ताई, बस ना गं एका जागी," असे तिने आतापर्यंत चार वेळा म्हटले आहे. मी बसूनच लिहीत आहे. फक्त मधूनमधून खिडकीपाशी जाऊन येते.)

कलम २. भाच्याला माझे लिहायचे टेबल आणि ही करकरणारी खुर्ची. घर नाही. मावशीला भेटायला म्हणून येऊन त्याने तीन वेळा खोल्यांची मापे घेतली आहेत, "सहज गं". मापे घ्यायला माझी हरकत नाही, मी जन्मभर तेच केले. पण निदान वही तरी लपवायची.

कलम ३. सूक्ष्मदर्शक, फांद्या दाबायच्या फळ्या आणि वाळवलेल्या नमुन्यांची कपाटे मी ज्या संशोधन संस्थेत नोकरी केली तिला. पोकळ गिरमिटे दोन आहेत. खोडात फिरवून काडीएवढा गाभा बाहेर काढायचा आणि त्यावरची वर्षांची वलये मोजायची, यासाठी ती असतात. लांब गिरमिट संस्थेला द्यावे. आखूड गिरमिटाचे पाते मी एकदा घाईत मोडले होते, ते मोडकेच कोणीतरी ठेवून घ्यावे. मला घाईच फार. ज्या ज्युनिपरचे खोड मनगटाएवढे व्हायला तीस वर्षे लागतात, त्याच्या अभ्यासाला माझ्यासारखी बाई कशी लागली हे देव जाणे.

संस्थेच्या माजी संचालकांनी माझ्या सात लेखांवर माझ्या आधी स्वतःचे नाव छापले. त्यांना एक पेन्सिल द्यावी. ती ज्युनिपरच्या लाकडाची आहे. टोक काढलेले नाही.

तीन वाजले. वकीलबाई म्हणतात, "मॅडम, पुढचं कलम कायद्याला लागत नाही. मिळकतीशी त्याचा काही संबंध नाही." मला लागते. लिहिते.

कलम ४. शहराबाहेरचा जो उतार शाळेच्या पुस्तकात छापला आहे, ज्याच्या फाटकावर माझ्या नावाची पाटी आहे, त्याबद्दल.

ज्युनिपरमध्ये नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. वसंतात नराची फांदी हलवली की पिवळी धूळ उडते. मादीला निळसर फळे धरतात आणि ती पिकायला दोन दोन वर्षे घेतात. पाखरे ती फळे खातात, बी दूर नेऊन टाकतात, आणि मग कधीतरी एखादे रोप येते. छत्तीस वर्षांपूर्वी तो उतार बोडका होता. बी रुजायला फार वेळ घेते, म्हणून मी फांद्या रुजवायच्या ठरवल्या. कड्यावर एक सरळसोट, देखणे झाड होते. त्याच्या फांद्या चटकन मुळे धरत. मी भाळले. सगळ्या फांद्या त्या एकाच झाडाच्या घेतल्या. शरद ऋतू होता, झाडावर एकही फळ नव्हते. यंदा धरली नसतील, असे मी धरून चालले. ते नर होते.

तेरा रांगा लावल्या, रांगेत चोवीस. माझ्यासोबत एक मोजणी सहायक होते. त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत, मीही म्हणायची, आणि 'अरे तुरे' करायची. नवव्या वर्षीच्या वसंतात ते माझ्या खोलीत आले. त्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत पिवळ्या झाल्या होत्या.

"मॅडम, एक सांगू का? सगळ्यांची धूळ उडतेय. एकही मादी दिसत नाही मला."

मी म्हणाले, "तू मोजायला आहेस. मोज. विचार करायला मी आहे."

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता मी एकटी उतारावर गेले. दोन रांगा पूर्ण हलवल्या आणि तिसरीतली दोन झाडे, म्हणजे पन्नास. माझा कोट पिवळा झाला. पुढे जायचा धीर झाला नाही, पण पन्नासांवरून बाकीच्यांचे समजायला मी मूर्ख नव्हते. घरी येऊन कोट धुतला. मग टेबलाशी बसून त्यांचा गोपनीय अहवाल लिहिला: "आज्ञाधारकता कमी. क्षेत्रकामास अयोग्य." ते खरे बोलले होते, आणि हे मला तो लिहिताना माहीत होते.

त्यांची बदली भांडारात झाली. तिथे सव्वीस वर्षे त्यांनी काचेच्या नळ्या मोजल्या. मला त्या उतारासाठी पारितोषिक मिळाले. गुडघ्याचे कारण सांगून मी पुन्हा तिथे गेले नाही. नंतरच्या लोकांनी झाडांची उंची मोजली, कारण मी त्यांना तेवढेच सांगितले होते. पुढे माझ्या उताराच्या फांद्या आणखी चार उतारांवर लावायला गेल्या, आणि मी त्या जाऊ दिल्या.

म्हणून मी जाहीर करते की त्या उतारावर आज तीनशे बारा नर झाडे उभी आहेत. तिथे फळ नाही, पाखरू नाही, नवे रोप येणार नाही, आणि ही झाडे गेली की उतार पुन्हा बोडका होणार. ही चूक माझी आहे. ती वेळेवर सांगणाऱ्या माणसाचे तोंड मी बंद केले. त्याची मला लाज वाटते. हे कलम संस्थेने आपल्या वार्षिक अंकात जसेच्या तसे छापावे.

कलम ५. माझे हे राहते घर, गच्चीतल्या हिश्श्यासह, वर सांगितलेल्या मोजणी सहायकांना.

हे वाचून धाकटी म्हणाली, "घर देऊन भरून निघतं का गं ते?" मी तिला चहा टाकायला सांगितले.

चार वाजले. चार वाजून दहा मिनिटे. वकीलबाईंनी दोनदा घड्याळ पाहिले. मी दाराची कडी काढून ठेवली, मग वारा येतो म्हणून लावली, मग परत काढली. छातीत धडधडते आहे, पण ते डॉक्टरांचे काम आहे. सव्वाचार. येणार नाहीत. मी तरी गेले असते का? नसतेच गेले.

पुढचा मजकूर पावणेपाचला लिहिते आहे. 

चार वाजून वीस मिनिटांनी ते आले. केस सगळे पांढरे झाले आहेत. "बस चुकली," एवढेच म्हणाले. मी कलम ४ वाचायला घेतले, पण 'आज्ञाधारकता' या शब्दाच्या पुढे मला जाता येईना. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले,

"मॅडम, इथे चूक आहे."

खरे सांगते, माझे डोके भडकले. सत्तावीस वर्षांपूर्वीचे तेच वाक्य माझ्या ओठांवर आले होते. धाकटीने माझ्या हातावर हात ठेवला. मी विचारले, "कुठे?"

"तीनशे बारा नाही. तीनशे अकरा."

"तेरा रांगा, चोवीस झाडं. गुणाकार मला येतो."

"आठव्या रांगेतलं सतरावं. ते आदल्या हिवाळ्यात गेलं होतं. मला तेव्हाच शंका आली होती, म्हणून पलीकडच्या टेकडीवरच्या फळवाल्या झाडाची एक फांदी मी कुंडीत रुजवून ठेवली होती. बदलीचा कागद आला त्याच दिवशी ती तिथे लावली. नोंद केली नाही. तेवढी माझी चूक." मग त्यांनी विचारले, "तुम्ही पन्नासच हलवलीत ना?"

धाकटी हसली. सकाळचे डॉक्टर सोडले तर या घरात महिनाभर कोणी हसले नव्हते.

"मग फळं?" मी विचारले.

"सोळा वर्षं धरतायत. कच्ची हिरवी आणि पिकलेली निळी, एकाच फांदीवर. भोवती तीनशे नर, मग काय कमी पडणार? पाखरं येतात. खाली बारकी रोपंही आलीयत. मागच्या महिन्यात एकोणीस होती."

"तुम्ही जाता तिथे?"

"रविवारी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत हो?"

"मोजायला सांगितलं होतंत," ते म्हणाले. "मोजत होतो."



मग मी कलम ५ वाचून दाखवले.  वकीलबाईंनी सांगितले की तीनशे बाराचे तीनशे अकरा करायचे तर खाडाखोडीशेजारी समासात माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही लागेल. एक साक्षीदार डॉक्टर, त्यांना धाकटीने वरून बोलावून आणले. दुसरी सही वकीलबाई स्वतः करणार होत्या.

"दुसरी सही मी करतो," ते म्हणाले.

"तुम्हाला करता येणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणजे करता येईल, पण मग घर मिळणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही."

"मग बरंच झालं."

मी म्हणाले, "अहो, सव्वीस वर्षं गेली तुमची त्या भांडारात!"

"घर घेतलं तर लोक म्हणतील, घरासाठी बोलला. मी बोललो ते खरं होतं म्हणून. तेवढं राहू द्या." त्यांनी खिशातून स्वतःचे पेन काढले. "आणि मॅडम, मी तुम्हाला माफ केलंय असं म्हटलेलं नाही. तेही लिहून घ्या."

लिहून घेतले.

कलम ६. कलम ५ याद्वारे रद्द. कलम ४ मधले 'फळ नाही, पाखरू नाही' हेही खरे नाही, पण ते माझे अज्ञान म्हणून मी तसेच ठेवते. घर विकावे आणि येणाऱ्या रकमेतून पाचही उतारांवर मादी झाडे लावावीत, दर दहा झाडांमागे एक. पहिल्या फांद्या आठव्या रांगेतल्या सतराव्या झाडाच्या घ्याव्यात, पण साऱ्या त्याच एका झाडाच्या घेऊ नयेत. पलीकडच्या टेकडीवर फळवाली झाडे पुष्कळ आहेत. फळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणीही, कितीही शिकलेले असले तरी, फांदी कापू नये. कोणते झाड घ्यायचे हे साक्षीदार क्र. २ ठरवतील. त्याबद्दल त्यांना काहीही मिळणार नाही, हे त्यांना मान्य आहे. फाटकावरची माझ्या नावाची पाटी काढून टाकावी. तिथे दुसरे कोणतेही नाव लावू नये, असे साक्षीदार क्र. २ यांचे म्हणणे आहे. मला पटले नाही, तरी तसेच करावे.

शस्त्रक्रियेतून उठले तर चालता येऊ लागेल त्या पहिल्या रविवारी मी त्यांच्यासोबत उतारावर जाणार आहे. त्यांनी हो म्हटलेले नाही. बस किती वाजता सुटते, ते सांगितले आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. यात लिहिले आहे ते माझ्या मनातले आहे, आणि दोन्ही साक्षीदार समोर उभे असताना मी खाली सही केली आहे.

स्थळ: माझी अभ्यासाची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाच्या आदला दिवस, बुधवार, संध्याकाळी साडेपाच

(सही) मृत्युपत्र करणारी
(सही) साक्षीदार क्र. १: डॉक्टर, वरचा मजला
(सही) साक्षीदार क्र. २: मोजणी सहायक

खाडाखोड एक. कलम ४ मध्ये 'तीनशे बारा' खोडून 'तीनशे अकरा' केले आहे, समासात तीन सह्या. दुरुस्ती साक्षीदार क्र. २ यांनी सांगितली. मी ती तपासून पाहिलेली नाही. ती बरोबर आहे.