तालमीत न बोललेलं वाक्य

स्कारबरो,
रविवार, ११ ऑक्टोबर १९५३

प्रिय ॲग्नेस,

तुझा गुडघा कसा आहे? यंदा प्लमचा मुरंबा केलास का? मी ठणठणीत आहे. खोली समुद्राकडे तोंड करून आहे, त्यामुळे वाऱ्याची ददात नाही. घरमालकीण मिसेस पिकर्सगिल रोज सकाळी तोच खारवलेला मासा वाढतात आणि वर ऐकवतात, "गार झाला तर मांजरसुद्धा तोंड लावणार नाही हं, मिस्टर लॉरिमर!" पुढच्या महिन्यात ग्लासगोचा दौरा आहे, तेव्हा नाताळातही तिकडे येणं जमेलसं दिसत नाही.

सोमवारी नवीन नाटक लागलं. वीस वर्षांनी घरी परतणारा म्हातारा खलाशी, हे माझं काम. शेवटचं वाक्यही माझंच. आमची रीत तुला ठाऊक आहे, नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कुणी उच्चारायचं नाही, नाहीतर नाटक पडतं. तू यावर किती हसायचीस! तीन आठवडे मी त्या वाक्यापाशी यायचो, ओठ मिटायचो आणि सगळे चहाला पळायचे.

खरं सांगू? मला हायसं वाटायचं. ते वाक्य डोक्यात राहतच नव्हतं. 'दिवा विझवू नकोस पोरी, मी आलोय.' सहा शब्द फक्त. रोज खोलीत घोकायचो आणि कपात चहा ओतेपर्यंत विसरायचो.

सोमवारी सेटवरच्या उंबरठ्यावर उभा राहिलो आणि काही म्हणजे काही आठवेना. विंगेतून प्रॉम्प्टर मिस ऑटवेंनी तीनदा सांगितलं. आवाज कानावर येत होता, शब्द लागत नव्हते. भयंकर घाबरलो गं. शेवटी माझ्या मुलीचं काम करणारी डॅफ्नी पुढे आली, माझा हात धरून म्हणाली, "आलात ना बाबा? मी दिवा विझवलाच नव्हता." पडदा पडला. टाळ्या थांबेनात. बुधवारच्या पेपरात त्या शांततेचं कौतुक छापून आलं. दिग्दर्शक रेनिक म्हणाला, "एडगर, लबाडा, आधी का नाही बोललास? आता हेच ठेवायचं!" मी हसलो. डॅफ्नी हसली नाही.

गुरुवारी मात्र दुसरा अंक निम्मा विसरलो. काल रेनिकनं मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. "चाळीस वर्षं झाली एडगर. आता जरा आराम कर." माणूस वाईट नाही. उद्यापासून खलाशाचं काम दुसरा नट करणार. ग्लासगोचा दौरा नाही, ॲग्नेस. वर लिहिलं ते खोटं.

आणखी एक. आपली आई गेली तेव्हाची तुझी तार उशिरा मिळाली असं मी सांगितलं होतं, तेही खोटं. तार वेळेवर आली होती. पहिली घंटा झाली होती, तार खिशात घालून मी आत गेलो आणि लोकांना दोन तास हसवलं. दफनाच्या दिवशी तू एवढंच विचारलंस, "मग, प्रयोग रंगला का?" रंगला होता गं. म्हणून तर अकरा वर्षं तुझ्या दारात यायची हिंमत झाली नाही.

मिसेस पिकर्सगिल आता चर्चला गेल्यात. घरात कुणी नाही. मघाशी जिन्यात उभा राहून ते सहा शब्द मोठ्यानं म्हणून पाहिले. एकही चुकला नाही. ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

मला घरी यायचंय, ॲग्नेस. आईची खोली नको, मागची चालेल. मी अजून काय काय विसरेन ते मला माहीत नाही. नको म्हणायचं असलं तरी दोन ओळी लिही.

पाकिटावर माझं खरं नाव, बर्टी टगवेल, लिही. लॉरिमर उद्यापासून इथं कुणी राहत नाही.

तुझाच,
बर्टी