बर्फावरून जाताना बेल्ट काढायचा

आई, आज संध्याकाळी मी तुझ्या नातीला गाडीचा बेल्ट काढायला सांगितलं. माझ्या तोंडून असं वाक्य निघेल असं कुणी म्हणालं असतं तर मी त्यालाच आधी खाटेवर झोपवून ताप पाहिला असता. इतकी वर्षं कुवेतच्या हॉस्पिटलात काढली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. हायवेवरून उचलून आणलेल्या माणसांपैकी बेल्ट कुणी लावला होता आणि कुणी नाही, हे मला विचारावं लागत नाही, स्ट्रेचर आत आलं की कळतं. त्यामुळे पोरीला मी दुसरं काही शिकवलं असेल-नसेल, बेल्ट शिकवला. फहाहीलच्या या घरातून कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध आणायला गाडी काढली तरी मी मागे वळून विचारायची, बेल्ट लावलास? तुझा जावई शुऐबा भागातल्या प्लांटमध्ये दिवसभर सेफ्टीची भाषणं ऐकायचा आणि घरी येऊन माझं. तो म्हणायचा, प्लांट बरा, तिथं निदान शिफ्ट संपते. पोरगी कॅनडाला गेल्यावरही फोन ठेवताना माझं ठरलेलं वाक्य तेच राहिलं. तू पत्राच्या शेवटी 'जिवाला जप' लिहायचीस, तसं.

तू गेलीस तेव्हा ती शाळेत होती, म्हणून तिच्या नोकरीचं नीट सांगते. एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती काम करते आणि दर आठवड्याला एका मोठ्या तळ्यापलीकडच्या वस्तीवर जाऊन लोकांचं रक्त तपासायला घेऊन येते. उन्हाळ्यात बोटीनं जातात. हिवाळ्यात तळं गोठतं आणि त्याच्यावरूनच रस्ता होतो. रस्ता म्हणजे काय, तर बर्फात रोवलेल्या फांद्यांच्या दोन रांगा, त्यांच्या मधून जायचं. गाड्या जातात, सामानाचे ट्रकसुद्धा जातात. मी तिला खोदून खोदून विचारलं आणि तिनंही न कंटाळता सांगितलं. बर्फाला भोक पाडून आधी जाडी बघतात. काचेसारखं निळसर बर्फ पक्कं, दुधासारखं पांढरं कच्चं. वर भुसभुशीत बर्फ साचलं की ते गोधडीचं काम करतं, खालचं नीट गोठत नाही. एखादा ओढा येऊन मिळतो तिथं खालून पाणी वाहत असतं आणि वरून मात्र सगळं सारखंच दिसतं. गाडी हळू हाकायची, कारण जोरात गेलं तर बर्फाखाली लाट उठते आणि तीच पुढे जाऊन बर्फ फोडते. दोन गाड्यांमध्ये भरपूर अंतर ठेवायचं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी खिडक्या खाली ठेवायच्या, आणि बेल्ट काढायचा. कारण गाडी आत गेलीच तर बाहेर पडायला फार थोडा वेळ मिळतो. मागच्या हिवाळ्यात वस्तीवरच्या एकाची गाडी गेली, पण त्याचा बेल्ट काढलेला होता म्हणून तो खिडकीतून निघाला, असं तिनं मला धीर द्यायला सांगितलं.

गेल्या शनिवारी ती पहिल्यांदा बर्फावरून गेली. निघताना तिनं फोन केला आणि मी सवयीनं म्हटलं, बेल्ट लाव. तिनंही सवयीनं लावला. तिला सगळे नियम पाठ होते, मलाच तर तिनं ते शिकवले होते, पण लहानपणापासून कानावर पडलेलं वाक्य हाताला आधी कळतं. गाडी किनारा सोडून बरीच आत गेली तेव्हा गाडी चालवणाऱ्या बाईचं लक्ष गेलं. ती त्या वस्तीवरचीच, आजी झालेली बाई आहे. तिनं हात लांब करून पोरीच्या कमरेचा बेल्ट सोडला. पोरीनं हे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. ज्या काळजीनं मी तिला आयुष्यभर बांधून ठेवलं, ती काळजी घेऊनच ती तळ्याच्या तळाशी गेली असती. मी म्हटलं, सोड ती नोकरी आणि परत ये. तिनं नेहमीप्रमाणे इंग्रजीतच उत्तर दिलं, की आई, तूही घर सोडून गेलीच होतीस की. मग आम्ही दोघींनी फोन ठेवला आणि आठवडाभर हवापाण्यापलीकडे बोललो नाही. हा सगळा आठवडा मी ड्यूटीवर सलाइन लावत होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते.

कारण मला आपली खाडी आठवत होती. ओहोटी लागली की तू तिसऱ्यांचे शिंपले वेचायला निघायचीस, त्या तिसऱ्यांवरच आपलं घर चालायचं. मी पहिल्यांदा तुझ्याबरोबर आले तो दिवस माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तू साडीचा काचा मारलास, टोपली डोक्यावर घेतलीस आणि बांधावरून गाळात उतरलीस. वर उन्हानं धरलेली खपली, खाली किती खोल ते कुणाला ठाऊक. मी तुझा हात धरायला जाते आणि तू तो झटकतेस.

"हात नको धरूस. दोघींचं वजन एका जागी आलं तर दोघी रुतू. माझ्या मागनं ये, थोडी लांबून."

आणि तू चालायला लागलीस. एकदाही मागे पाहिलं नाहीस. तुझ्या पावलांत पाणी भरत होतं आणि मी त्या पाण्यात पाय टाकत, रडत रडत येत होते. मला वाटलं, हिला माझं काही नाही. पोहोचल्यावर तू माझे पाय धुतलेस, पण तेही भांडी धुतल्यासारखे. पुढे मी नर्सिंगला निघाले तेव्हा, आणि कुवेतला निघाले तेव्हाही, तू तशीच हातभर लांब उभी राहिलीस. शेजारच्या बायका मला मिठ्या मारून रडत होत्या आणि तू माझ्या बॅगेची चेन तपासत होतीस. विमानात बसल्यावर मी तुझ्यावर इतकी रागावले होते, की रडायचंही राहून गेलं.

मग तू एकदाच, व्हिजिट व्हिसावर, आमच्याकडे आलीस. हिवाळा होता, इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहतात ते दिवस. आपण डबे भरून खिरानच्या बाजूला समुद्रावर निघालो. डब्यांत तुझ्या हातच्या तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. समुद्र समोर दिसत होता आणि मधे पांढरं सपाट मैदान. तुझ्या जावयाला ते डांबरी रस्त्याहून बरं वाटलं आणि त्यानं गाडी सरळ त्यावर घातली. पुढची चाकं मिठाची खपली फोडून आत गेली तेव्हा काळ्या गाळाचा वास आला. आपल्या खाडीचाच वास होता तो. मला इतकं घर आठवलं, की गाडी रुतली आहे याची भीती वाटायलाही वेळ लागला. तू मागच्या सीटवरून म्हणालीस, उतरा सगळे, आणि लांब लांब चाला. पाच वर्षांची तुझी नात तुझा हात धरायला आली. तिलाही तू तेच सांगितलंस. पण ती माझ्यासारखी रडली नाही. तिला तो खेळ वाटला, तुझ्या पावलांवर पाय ठेवत ती गाणं म्हणत चालली. मी तिच्या मागे होते आणि मला तिचा हेवा वाटला.

रस्त्याच्या भरावापाशी आल्यावर तुझा गुडघा चढेना. मी मागून येऊन तुझ्याआधी वर चढले. तू खालून मान वर केलीस आणि म्हणालीस, "आता दे हात." मी तुला वर ओढलं. तुझ्या तळव्याला मीठ लागलं होतं आणि तो बर्फासारखा गार होता. तू वर आलीस, पदर झटकलास, आणि हात सोडला नाहीस. एका तंबूतले म्हातारे कुवेती गृहस्थ पिकअप घेऊन आले, सबखा, सबखा म्हणत डोक्याला हात लावून तुझ्या जावयाला प्रेमानं रागावले, या खारट दलदलीला इथं तसं म्हणतात. दोर लावून त्यांनी गाडी बाहेर काढली, तुझ्या पुऱ्या खाल्ल्या, आणखी मागितल्या. या सगळ्या वेळात तुझा हात माझ्या हातात होता. पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. मला रजा मिळून मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

आज पुन्हा शनिवार. इथं संध्याकाळ, तिच्याकडे नुकतं उजाडलेलं. ड्यूटीवरून येऊन मी चहा ठेवला आणि फोन वाजला. ती गाडीत बसली होती, मागे इंजिनचा आवाज होता. ती वाट बघत होती, मी काय बोलते त्याची. नको जाऊस, हे ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "बाळा, बेल्ट काढ." मग मला क्लिक ऐकू आलं, आणि ती चक्क मराठीत म्हणाली, "काढला, आई. आणि पुढच्या गाडीपासून लांबच आहोत आम्ही. आजी सांगायची तसं." तळ्यावर फोनला रेंज नसते. पलीकडे पोहोचली की कळवेल, म्हणाली.

चहा गार झाला. तुझा जावई येऊन दोनदा काही विचारून गेला, काय ते मला आठवत नाही. खाडीत तू मागे का पाहिलं नाहीस ते मला त्या वेळात कळलं. मागे पाहिलं असतंस तर तू थांबली असतीस, आणि थांबलं की रुततं. बॅगेची चेन तू का तपासत होतीस, तेही कळलं. हे सगळं तुला सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. लिहून झालं की हे पत्र घडी करून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, पिशव्यांच्या खाली ठेवीन. पोरगी पोहोचली, आई. वस्तीवरच्या कुणीतरी तिला गरम सूप दिलं, त्याचा फोटो आलाय.

तुझं बरोबरच होतं. पण कळलं म्हणून तुझा हात हवासा वाटायचं थांबत नाही. तिचा मेसेज येईपर्यंत मी ओट्यापाशी उभी होते, डावा हात नळाखाली धरून चांगला गार केला होता, आणि तो उजव्या हातात घट्ट धरून डोळे मिटले होते.