जुन्या सेन्सरवरचे ओरखडे

आप्पा,

पिकअपचा ऑक्सिजन सेन्सर मी बदलला. गिअरबॉक्सच्या वर दडलेला तो सेन्सर काढणं कुणाच्या बापाला जमणार नाही, असं म्हणाला होतात ना? इंजिन थोडं तापवलं, पान्याला लांब दांडा जोडला आणि मागच्या बाजूने असा हिसका दिला की मुकाट्याने निघाला. बापाला नसेल जमलं, लेकीला जमलं! डॅशबोर्डवरचा दिवाही विझलाय. गाडी घेऊन कामावर जातेय.

आता मला सांगा, जुन्या सेन्सरवर पान्याचे ताजे ओरखडे कुठून आले? ऑपरेशनचे टाके अजून ओले आहेत आणि तुम्ही गाडीखाली शिरलात?

आईला अजून काही बोलले नाहीये. पान्यांची पेटी मात्र बरोबर नेतेय.

धाकटी