तिप्पट लाकूड

मराकेश, ६ फेब्रुवारी

चि. विदाद हिस महजूबाखालाचे आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या कचेरीतला माणूस काल परत आला, तुम्ही लाकूड वाचवायला बसवलेल्या नव्या भट्टीला हात लावून खूश झाला, आणि वर मलाच विचारतो की हा म्हातारा रोज इथं का बसतो. का बसतो म्हणजे? एकतीस वर्षं माझ्या हम्मामची भट्टी पेटवली बा इद्दरने. आता जाळायला ऑलिव्हच्या बिया आपोआप पडतात, आंघोळीचं पाणी आपोआप तापतं, त्याने कुठं बसायचं? गल्लीतले लोक तंजियासाठी मटणाची मडकी आणून त्याच्या गरम राखेत पुरायचे. आता राखच नाही, तंजिया दुसऱ्या हम्मामात जाते आणि लोक मला टोमणे मारतात.

लाकूड वाचलं, धूर गेला, वरच्या घरातली बाई कपडे वाळत घालताना मला शिव्या देत नाही, हे सगळं कबूल. पण तुम्ही इतर हम्मामांच्या भट्टीवाल्यांना कमी जाळायला शिकवणारी माणसं निवडताय ना, त्यात त्याने नाव दिलं होतं. ते खोडलं. तुझ्या अहवालात तो बेफिकीर आहे असं लिहिलंय म्हणे. तू असं लिहिलंस? लहानपणी तुला त्याच भट्टीवर बटाटे भाजून द्यायचा तो.

फोनवर तू हो खाला म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस.

तुझी खाला

रबात, ९ फेब्रुवारी

ती. महजूबाखालास विदादचा सादर सलाम, वि. वि.

अक्षराला हसले नाही. अक्षर माझ्या साहेबांच्या अक्षरापेक्षा बरं आहे.

अहवाल काढून पाहिला. वाक्य असं आहे: भट्टीवाल्याच्या बेफिकिरीमुळे गरजेच्या तिप्पट लाकूड जळते. पण खाला, आठव जरा. मापं घ्यायला आले तेव्हा इतकं लाकूड का लागतं म्हणून मी बा इद्दरना विचारलं. ते गप्प राहिले. तू मधेच म्हणालीस, त्याला काय विचारतेस, तो असाच जाळतो, सांगून सांगून थकले. मी तेच लिहिलं.

चूक माझीही आहे. त्यांना एकट्याला गाठून पुन्हा विचारायला हवं होतं. घाईत होते, आणि आपल्या माणसाचं म्हणणं खरंच मानलं. आता लेखी कारण असल्याशिवाय वाक्य बदलता येत नाही. यादी शुक्रवारी सकाळी बंद होते. खरं काय होतं ते तुला माहीत असेल तर सांग. गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

विदाद

मराकेश, १२ फेब्रुवारी

चि. विदाद हिस आशीर्वाद, वि. वि.

गुडघा मरू दे. तुझं पत्र घेऊन दोन दिवस बसले. मग भट्टीपाशी गेले आणि बा इद्दरला विचारलं, त्या दिवशी तोंड का शिवलं होतंस. तो म्हणाला, लल्ला, तुम्ही मालकीण समोर होता, भाचीदेखत तुम्हाला खोटं कसं पाडू. एवढंच. आणि राख नसलेली जागा झाडायला लागला.

तर आता लिही. जास्त जाळायचा हुकूम माझा होता. गरम खोलीच्या फरशीवर पाय टेकला की बायकांनी ओरडलं पाहिजे, तरच त्या दुसरीकडे जाणार नाहीत, असं मीच सांगितलं होतं. नळीत क्षार बसलाय, ती साफ करा, ऊब टिकायला टाकी गुंडाळा, अर्ध्या लाकडात भागेल, हे त्याने मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तर तुझे खालू जिवंत होते. मी म्हटलं, तू लाकडं टाक, अक्कल चालवू नकोस. तुम्ही हम्मामांना वाटलेल्या पत्रकात मोठ्या अक्षरांत सल्ले आहेत ना, नळी साफ करा, टाकी गुंडाळा? वाचले तेव्हाच मला कळलं होतं ते कुणाचे आहेत. गप्प बसले. तू शिकलेली पोर, तुझ्यापुढं अडाणी दिसायचं नव्हतं, म्हणून बोट त्याच्याकडे केलं.

जुनी भट्टी विझवली त्या दिवशी शेवटच्या राखेत त्याने स्वतःची तंजिया लावली होती. अर्धी माझ्यासाठी काढून ठेवली. मी खाल्ली. चांगली झाली होती.

लेखी कारण हवं ना, हेच ते. खाली पूर्ण नावाने सही केली आहे, अंगठा नाही. साहेबांना दाखव. खाला खोटं बोलली असं माझ्या नावाने लिही, मऊ करून लिहू नकोस. त्याचं नाव यादीत घाल. पहिल्या वर्गाला मीही येऊन मागे बसेन, त्याच्याकडून शिकायला.

पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते, उद्या तुझ्या हातात पडेल. माझ्यावर रागाव, पण लोभ तोडू नकोस. वाक्य बदललं की नाही, ते मला गुरुवारी दुपारच्या नमाजाआधी फोनवर कळव. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तो भट्टीपाशी बसलाय.

महजूबा बिन्त अल्लाल